टाकीभर पाण्याची भाषा

चहा पिऊन झाला की सर कप बशीत पालथा घालायचे आणि समोर बसलेल्याला विचारायचे, "आता सांगा, चहा आहे का?"

नवखा माणूस गोंधळायचा. "संपला ना सर."

"मघाशी होता?"

"होता."

"म्हणजे 'चहा आहे' हे मघाशी खरं होतं आणि आता खोटं आहे. खोटं कोणी केलं?"

"तुम्हीच प्यायलात सर."

"बरोबर. मी एक सत्य प्यायलो," असं म्हणून मिशीतल्या मिशीत हसत ते वर्गावर निघून जायचे. पालथ्या कपाखाली चहाचं गोल डबकं राहायचं, आणि ते पुसताना कँटीनच्या काकू रोज कपाळाला हात लावायच्या.

लवळ्याच्या टेकडीवरच्या एका कॉलेजात मी संगणक प्रयोगशाळेची सहायक आहे. घोटावड्याहून रोज स्कूटीवर येते, कुलपं उघडते, कीबोर्डवरची धूळ झटकते आणि मुलांनी खिशात घातलेले माऊस परत मागते. विद्वान माणसं मी पैशाला पासरी पाहिली आहेत. त्यातले बरेचसे आपल्या विद्येबद्दल वर्गात बोलतात आणि वर्गाबाहेर आल्यावर तुमच्या-आमच्यासारखे बँकेच्या व्याजाबद्दल बोलतात. सरांचं तसं नव्हतं. ते जे शिकवायचे तेच जगायचे, आणि त्यामुळे त्यांच्याबरोबर राहणं म्हणजे कधी कधी डोक्याला ताप असायचा.

त्यांचा विषय मला कळायला दोन वर्षं लागली, तुम्हाला दोन मिनिटांत सांगते. संगणकाच्या बऱ्याचशा भाषांत यंत्राला कामं सांगावी लागतात, आधी हे कर, मग ते कर. सरांच्या भाषेत कामं सांगायची नाहीत. फक्त खऱ्या गोष्टी सांगायच्या आणि प्रश्न विचारायचा. गणपत हा महादूचा बाप, महादू हा सोपानचा बाप, एवढं सांगितलं की गणपत सोपानचा आजोबा आहे का, याचं उत्तर यंत्र आपणहून शोधतं. तर्कानं चालणाऱ्या अशा भाषा जुन्याच आहेत. त्यांत एकदा खरं ते कायमचं खरं. गणपतचं बापपण शंभर वेळा वापरलं तरी झिजत नाही.

"पण जग असं नाही ना ताई," सर मला सांगायचे. "बापपण झिजत नाही, पण बादलीतलं पाणी? बसमधली जागा? माझा वेळ?" म्हणून सर त्या भाषेत भर घालत होते. त्यांच्या भाषेत काही गोष्टी वापरल्या की संपायच्या. शिवाय एक अट होती, दिलेलं सगळं वापरलं गेलं पाहिजे. कमी पडलं तरी उत्तर नाही, उरलं तरी उत्तर नाही. मी नोकरीला लागले तेव्हा ते ही भर घालतच होते, आणि पुढेही कितीतरी वर्षं घालतच राहिले.

एवढ्यावर थांबले असते तर ठीक होतं. सकाळी एकदा "नमस्कार ताई" म्हटलं की त्या दिवसाचा माझा नमस्कार संपला. तासाभरानं जिन्यात भेटले आणि मी हात जोडले, तर थांबून गंभीरपणे म्हणायचे, "आपलं झालं ना सकाळी?"

मुलांची तर ते पार भंबेरी उडवायचे. एकानं प्रॅक्टिकल बुडवल्याचं कारण म्हणून आजी वारल्याचं सांगितलं. सरांनी खिशातली छोटी वही काढली. "सप्टेंबरात एक वारली. जानेवारीत एक. माणसाला आज्या दोन. दोन्ही तुम्ही वापरल्यात." पोरगं पायाच्या अंगठ्याकडे बघत उभं राहिलं. मग सरांनाच दया आली. "आजोबा शिल्लक आहेत," ते म्हणाले, "पण जपून वापरा."

माझा नवरा पायाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होता तेव्हाची गोष्ट. मी रजेचा अर्ज घेऊन उभी होते आणि लॅब कोण उघडणार म्हणून कार्यालय कुरकुर करत होतं. सर म्हणाले, "माझ्या दुपारी उरतात. उरलं की चूक होते." आठ दिवस त्यांनी लॅब उघडली, झाडलीसुद्धा. मी परत आले तर माऊस मोजून, वायरी गुंडाळून ठेवलेल्या. आभार मानायला गेले, तर म्हणाले, "तुमचा आजचा नमस्कार झालाय." मला हसावं की रडावं कळेना. मी बाथरूममध्ये जाऊन थोडीशी रडले.

सर एकटे होते. लग्न केलं नव्हतं. वसतिगृहाचे रेक्टर म्हणून तळमजल्यावरच्या खोलीत राहायचे. साठ मुलं आणि सर. आणि आता पाण्याचं सांगते.

आमच्या मुळशीत धरण आहे हे सगळ्या जगाला माहीत आहे. आमच्या टेकडीवर उन्हाळ्यात टँकर येतो, हे फक्त आम्हाला माहीत आहे. मार्च उजाडला की दोन टँकर कण्हत-कुंथत चढ चढायचे, एक सकाळी आणि एक दुपारी. तेवढ्यातच साठ मुलांच्या आंघोळी, मेसचं रांधणं, कपडे, फरशी. रोज भांडणं. दिल्लीकडची मुलं गॅलरीतून "सर, पानी खतम!" अशी आरोळी ठोकायची आणि आमची मराठी मुलं तोवर बादल्या भरून खाटेखाली लपवायची.

सरांना यात आपली भाषा दिसली. त्यांनी टाकी, टँकर, मुलं, कोणाचा तास किती वाजता, मेसचा स्वयंपाक, सगळं त्या भाषेत लिहिलं. यंत्रानं रोज सकाळी वाटणी काढायची. ती मी छापून आणायची, सरांनी तारीख घालून सही करायची आणि वसतिगृहाच्या फळ्यावर लावायची.

पहिल्या दिवशीची यादी फार उदार निघाली. प्रत्येकाला चार बादल्या! मुलांनी सरांचा जयजयकार केला आणि आंघोळीला धावली. वीसेक जणांच्या आंघोळी झाल्या आणि नळ खाकरला. बाकीच्यांच्या अंगाला साबण लागलेला. टॉवेल गुंडाळलेलं, कानापर्यंत फेस आलेलं एक पोरगं थेट सरांच्या दारात आलं. "सर, टंकी खाली है."

सरांनी यादी पाहिली. "यादी तर्काला धरून आहे," ते म्हणाले.

"सर, आँख में जा रहा है."

सरांनी आपला पिण्याच्या पाण्याचा माठ त्याच्या डोक्यावर उपडा केला आणि स्लिपर घालून लॅबमध्ये आले. दहा मिनिटं ते पडद्याकडे बघत राहिले. मग मला जवळ बोलावलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. 'टाकी भरलेली आहे' ही गोष्ट त्यांनी जुन्या सवयीनं कायमच्या सत्यांत लिहिली होती. यंत्राच्या मते टाकी सकाळीही भरलेली, दुपारीही भरलेली, कितीही उपसा, भरलेलीच. जी चूक टाळण्यात सरांनी अख्खी हयात घालवली, तीच त्यांनी स्वतः केली होती. मी ओठ चावून हसू दाबलं. "हसा," ते म्हणाले, "पण एकदाच."

दुसऱ्या दिवशी चूक सुधारली, तर यादीच निघेना. दोन बादल्या उरत होत्या आणि उरलेलं सरांच्या भाषेला चालत नव्हतं. मुलं रिकाम्या फळ्यासमोर बादल्या घेऊन उभी. मी म्हटलं, "सर, उरू द्या की दोन बादल्या."

"उरू द्या म्हणजे? त्या जातील कुठे?"

हिराबाई तेव्हा जिना पुसत होती. ती वसतिगृहाची झाडलोट करायची. राहायला टेकडीच्या पलीकडच्या उतारावरच्या वस्तीत, घरी सहा शेरडं. ती हातातलं फडकं पिळत म्हणाली, "अवो सर, दोन बादल्या उरत्यात न्हवं? मग माज्या शेरडांस्नी द्या की. लई वाळल्यात बिचारी. पोरं बी आंगुळ करत्याल आन् तुमचं ते यंत्र बी गप बसंल."

सर तिच्याकडे बघतच राहिले. माझ्या अनुभवात दुसऱ्याचं म्हणणं असं तोंड उघडं टाकून ऐकताना मी त्यांना तेवढं एकदाच पाहिलं. लगेच जाऊन त्यांनी एक ओळ लिहिली आणि यादी एकदाची बाहेर आली. शेवटी होतं, 'हिराबाईंची शेरडं, दोन बादल्या.' त्या दिवसापासून ती ओळ रोज असायची. मुलं यादी वाचताना शेवटी शेरडांच्या नावानं सलाम ठोकायची. हिराबाई सगळ्यांना सांगायची, "आमची शेरडं कालिजात हायेत."

आता या सगळ्यात अडलं होतं काय ते ऐका. सरांचा विषय ऐच्छिक होता आणि तो घेणारी मुलं चार. एका वर्षी तर तीनच. आमचे विभागप्रमुख वयानं सरांपेक्षा खूप लहान, हिंजवडीच्या कंपनीत काही वर्षं काढून आलेले, माणूस चांगला. ते म्हणायचे, "सर, मी तुमचा फॅन आहे. पण इंडस्ट्रीत याला डिमांड नाही हो. दहा मुलं तरी दाखवा, नाहीतर कॅम्पसवर कुठेतरी लाइव्ह वापर दाखवा. नाहीतर सब्जेक्ट बंद करायला लागेल मला."

दहा मुलं काही जमली नाहीत. पण पाण्याची यादी दाखवता आली. तपासणीला आलेल्या समितीनं फळ्यावरची यादी वाचली, शेरडांपाशी पोचल्यावर एक सभासद खोकला, पण वापर तो वापर. विषय वाचला. पुढच्या वर्षीही वाचला. मी मनात म्हणायचे, बाकीच्या जगात पाण्यावर शेती होते, आमच्याकडे पाणी नसण्यावर सरांचा विषय होतो.

मग टेकडीच्या पायथ्यापासून वर नळाची लाइन आणायचं ठरलं. ज्या वसतिगृहाला जोडणी हवी त्याच्या रेक्टरनं टंचाई लेखी मांडून शुक्रवारपर्यंत अर्ज द्यायचा. शुक्रवार चुकला तर पुढची फेरी, आणि ती कधी ते देवाला ठाऊक.

विभागप्रमुख लॅबमध्ये आले. मी तिथेच होते. "सर," ते हळू आवाजात म्हणाले, "लाइन आली की यादी बंद. यादी बंद की मला सब्जेक्ट वाचवता येणार नाही. पुढच्या फेरीत अर्ज द्या ना. तोवर तुमची रिटायरमेंट येईल. कोणाला काय कळतंय?"

"मला कळतंय ना," सर म्हणाले.

त्याच दुपारी त्यांनी अर्ज लिहिला. किती बादल्या लागतात, किती मिळतात, कोणाला कितीदा आंघोळ चुकते, सगळं मुद्देसूद. लिफाफ्यात घालून माझ्या हातात दिला, कारण मी रोज हजेरीचं रजिस्टर घेऊन खालच्या कार्यालयात जाते.

मी तो लिफाफा माझ्या टेबलाच्या खणात, बंद पडलेल्या माऊसच्या खोक्याखाली ठेवला.

वाईट केलं, मला माहीत आहे. साठ मुलं कोरड्या नळाखाली उभी राहतात हे मी रोज बघत होते. पण त्या माणसाकडे दुसरं होतं काय? ना बायको, ना मूल, ना कुठे घर. एक ती भाषा होती आणि तिच्यासाठी गुरुवारी दुपारी येणारी चार मुलं होती. एक वर्ष, फक्त एक वर्ष, असं मी स्वतःला सांगत राहिले. बुधवारी त्यांनी विचारलं, "ताई, लिफाफा दिलात?" मी म्हटलं, "दिला." त्यांच्याशी मी तेवढंच एकदा खोटं बोलले.

शुक्रवारी दुपारी सर आले. चिडलेले नव्हते. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. वर्गात बोलतात त्या सुरात म्हणाले, "ताई, लिफाफा एकच आहे. एक वस्तू दोन ठिकाणी असू शकत नाही. माझ्याकडे तो नाही. कार्यालयात विचारलं, तिथे नाही. तुम्ही तो फाडणार नाही. मग कुठे असेल?"

मी खण उघडला. लिफाफा काढून त्यांच्यासमोर ठेवला आणि मग मात्र माझा तोल गेला. "द्या नेऊन! द्या! आणि मग बसा त्या खोलीत एकटे, माशा मारत. एवढी वर्षं खपलात ते कशासाठी? जाऊ द्या ना सर एक वर्ष. मुलांना काय, दोन बादल्या कमी, दोन जास्त."

त्यांनी लिफाफ्याच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "ताई, पाणी कमी आहे म्हणून मी वाटण्या करतो. मला वाटण्या करायला आवडतात म्हणून पाणी कमी ठेवायचं, हे कुठल्या नियमात बसतं? तुम्हाला सापडला नियम तर सांगा. मलाही हवाच आहे."

ते उठले, स्कूटरला दोन किका मारल्या आणि उन्हात उतार उतरून गेले. मला त्यांचा इतका राग आला होता, आणि त्याच वेळी इतकी माया वाटत होती, की मी हजेरीच्या रजिस्टरात सगळ्यांच्या नावापुढे चुकीच्या रकान्यात खुणा केल्या. सोमवारी मला त्याचा मेमो मिळाला.

लाइन पुढच्या फेब्रुवारीत आली. जूनपासूनच्या वेळापत्रकात सरांचा विषय नसणार हे तोवर ठरून गेलं होतं. गुरुवारच्या दुपारी दुसऱ्या कुठल्याशा कोर्सला मिळाल्या होत्या आणि त्याला नव्वद मुलं होती. सरांच्या निवृत्तीला अजून वर्ष बाकी होतं, पण त्यांनी आधीच सुटका मागितली. बहिणीकडे सांगलीला जातो म्हणाले.

पाणी यायच्या दिवशी अख्खं वसतिगृह नळांशी गोळा झालं होतं. आधी तोट्यांतून हवा फुसफुसली, मग लालसर पाणी, मग स्वच्छ. पोरांनी जो गलका केला तो खाली गावात ऐकू गेला असेल. हिराबाई सरांना शोधत लॅबमध्ये आली. सर एकटे यंत्रापुढे बसले होते आणि मी मागे उभी होते.

"सर, आता यादी न्हाई म्हंत्यात. मग माज्या शेरडांचं काय?"

"लाइनीत धरलीत ती. बघा," सर म्हणाले. मला नंतर कळलं की कुंपणाच्या बाहेरच्या बाजूला, गुडघ्याएवढ्या उंचीवर, एक तोटी त्यांनी अर्जातच मागून घेतली होती.

पडद्यावर त्यांचं सगळं लिखाण होतं, इतक्या वर्षांचं. टँकरच्या ओळी त्यांनी एकेक करून काढल्या. बादल्यांचे हिशोब काढले. सकाळ-दुपारच्या वेळा काढल्या. साठ मुलांची नावं, मेस आणि सहा शेरडं तेवढी ठेवली आणि वर, कायमच्या सत्यांत, एकच ओळ लिहिली, 'पाणी आहे'. मग प्रश्न विचारला, सगळ्यांना पुरेल का?

एरवी वाटणी काढायला यंत्र दोन-तीन मिनिटं घ्यायचं. या वेळी त्यांनी बटणावरून बोट उचललं नाही तोच उत्तर आलं.

"एवढं सोपं होतं," सर म्हणाले, आणि चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसत राहिले. मी खिडकीकडे बघत उभी राहिले. हिराबाई मात्र सरळ म्हणाली, "रडू नगा सर. पानी आलंया." तिनं पदरानं त्यांच्या समोरचं टेबल पुसलं, कारण दुसरं काय पुसावं तिला कळेना.

"ताई, छापून द्या," सर म्हणाले.

मी छापून दिलं. पूर्ण कोऱ्या पानावर वरच्या कोपऱ्यात एकच शब्द होता, 'होय'. सरांनी रोजच्या यादीसारखी त्याखाली तारीख घातली, सही केली, चार टाचण्या घेतल्या आणि जाऊन वसतिगृहाच्या फळ्यावर तो कागद नीट, कोपरे सरळ करून लावला. मागं सरून एकदा वाचला.

वाचायला दुसरं कोणी नव्हतं. सगळी मुलं आंघोळीला गेली होती.